यादीतला नववा टॅकल

मी याद्या करते. किराण्याच्या, औषधांच्या, प्रवासात न्यायच्या कपड्यांच्या आणि गेली सहा वर्षं अमेरिकन फुटबॉलमधल्या टॅकल्सच्या. शेवटचं ऐकून लोक माझ्याकडे पुन्हा एकदा बघतात, म्हणून ते आधी सांगून टाकते.

इंदूरमधल्या आमच्या ऑफिसात परदेशी क्लबांसाठी खेळांचे व्हिडिओ तपासायचं काम चालतं. अमेरिकेत दर वर्षी एप्रिलच्या अखेरीला ड्राफ्ट असतो. व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजच्या खेळाडूंमधून आपापली माणसं निवडतात. त्याआधीचे दोन-तीन महिने आम्ही त्या खेळाडूंच्या मॅचेस बघतो आणि कोण कोणाच्या वर, असा क्रम लावून पाठवतो. माझ्याकडे टॅकल. रांगेच्या दोन टोकांना उभे राहणारे हे धिप्पाड गडी. यांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन सेकंद, समोरून धावून येणाऱ्याला अडवायचं, एवढंच यांचं काम.

याआधी मी एका शाळेच्या परीक्षा विभागात होते. एकसारख्या दिसणाऱ्या शंभर उत्तरपत्रिकांमधला फरक शोधायची सवय तिथली. इथे उत्तरपत्रिकांच्या जागी दीडशे किलोची माणसं आली, एवढंच. नव्या लोकांसाठी पहिल्याच वर्षी मी एक नियमपत्रक लिहून काढलं, एकूण बावीस नियमांचं. ते अजूनही सगळ्यांना देतात.

आणि माझं झाकण. मिठाईच्या एक किलोच्या डब्याचं झाकण कापून मी ते स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर अडकवते. मग खेळाडूंचे फक्त पाय दिसतात. टॅकल हात कितीही जोरात मारो, तो चुकतो ते पायांत. पहिलं पाऊल उशिरा पडतं, किंवा दोन्ही पाय एका रेषेत येतात, आणि समोरचा बाजूने निसटतो. प्रत्येक खेळाडूच्या मॅचेस मी तीनदा बघायची, दोनदा पूर्ण आणि तिसऱ्यांदा झाकण लावून. ऑफिसात सगळे हसायचे, पण माझ्या यादीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर तो आला. पुण्याचा, वय चौतीस-पस्तीस. बायकोला सिमरोलच्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेत नोकरी लागली म्हणून इंदूरला आलेला. तो वही ठेवत नाही, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. चहाचा कप हातात धरून मॅच बघायचा आणि आठवड्याने विचारलं तरी सांगायचा, "तिसऱ्या क्वार्टरमध्ये, उजव्या बाजूला, दोनदा घसरला." मी वही काढून पडताळायची. बरोबर असायचं. ज्या गोष्टीसाठी मला पाच खाने आखावे लागतात ती याच्या डोक्यात नुसतीच राहते, याचा मला राग यायचा. राग हा शब्द मी तेव्हा वापरत होते.

जानेवारीत आमच्या साहेबांनी त्या नवरा-बायकोला आणि आम्हा दोघांना आपल्या घरी बोलवायचं ठरवलं होतं, पण त्यांच्या घरी रंगकाम निघालं म्हणून जेवण आमच्या घरी झालं, अन्नपूर्णा भागात. ऐन वेळी साहेब काही आलेच नाहीत. जेवताना माझ्या नवऱ्याने त्याला विचारलं, "हे टॅकल म्हणजे आहे काय प्रकरण? ही सहा वर्षं समजावते आहे, पण माझ्या पल्ले नाही पडलं."

तो म्हणाला, "काका, वरातीत नवरदेव घोड्यावर असतो ना? त्याच्या बाजूने एक मामा चालतो. नाचणारी पोरं घोड्याच्या अंगावर येऊ नयेत म्हणून सारखा हात आडवा धरून. त्याचा फोटो कोणी काढत नाही. पण तो एकदा पान खायला गेला की घोडा उधळतो."

माझा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे भिया! असं सांग ना! मामा! आता समजलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, हे इतकं सोपं होतं?"

मी पाहुण्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. त्याने नको म्हणून हात आडवा धरला होता, तरी वाढली.

त्या दिवसापासून मी घरी आले की नवरा विचारायचा, "आज किती मामा झाले?" ऑफिसातही तोच शब्द सुरू झाला. सहा वर्षांत माझा एकही शब्द कोणी उचलला नव्हता.

फेब्रुवारीत साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब जुनी इंदूर मोहल्ल्यातले, आमच्यासारखेच इथले जुने मराठी, बोलतात मात्र अर्धं हिंदी. "मॅडमजी, या वेळी क्लबवाल्यांची नवी डिमांड आहे. यादी तर पाहिजेच, पण ज्याने यादी बनवली त्याच्याशीच व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हणतात. टॅकलसाठी एकच माणूस. दोघं आपापली यादी द्या, बारा नावं. जिची यादी मजबूत तिला, म्हणजे ज्याची मजबूत त्याला, कॉल."

आतापर्यंत माझी यादी साहेब वाचून दाखवायचे. पलीकडचे लोक काय विचारतात, कुठे थांबतात, कशावर हसतात, ते मला कधी कळलं नव्हतं. तो कॉल मला हवा होता. बढती वगैरे काही नव्हती त्यात. सहा वर्षं जे बघितलं ते एकदा स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं, एवढंच.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांच्या नखांत अजून गुलाबी रंग असताना, चहाच्या टेबलावर तो म्हणाला, "मॅडम, तो छोट्या कॉलेजातला बघितलात? डाव्या गुडघ्याला काळा पट्टा बांधतो तो. मला तर वाटतं, वरच्या तिघांत येईल."

मी त्याला अजून बघितलं नव्हतं. "बघू," म्हटलं.

आता खरं सांगते. काळ्या पट्ट्यावाला वाईट निघावा असं मला त्याच क्षणी वाटलं. माझ्या पद्धतीप्रमाणे दोनदा पूर्ण बघायला हवं होतं. मी थेट झाकण लावून बसले. पाय दिसले. चांगले होते, पण मधेच एखाद्या वेळी ते थांबायचे, समोरचा धावणारा बाजूने सरळ आत जायचा, आणि काळा पट्टा उशिराने भलत्याच दिशेला पळत सुटायचा. मी वहीत लिहिलं: हरला. पुन्हा हरला. दोन मॅचेसमध्ये सात वेळा. इतक्या आनंदाने मी कधी खुणा केल्या नसतील. त्याला नववा टाकला, आणि चहाच्या टेबलावर तसं सांगितलंही.

याद्या शुक्रवारी सकाळी अकरापर्यंत द्यायच्या होत्या. मी साडेआठला ऑफिसात पोहोचले. यादी तयार होती, मला फक्त पुरावे जोडायचे होते. त्याने काळ्या पट्ट्याला दुसरा ठेवलाय हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मी त्या सात जागांचे तुकडे कापून साहेबांसमोर ठेवणार होते. तुकडे पूर्ण चित्राचे द्यावे लागतात, झाकण लावून चालत नाही. मी झाकण काढलं.

पहिला तुकडा लावला. काळा पट्टा थांबला, समोरचा आत घुसला. आणि वर, जिथे आजपर्यंत माझं झाकण होतं तिथे, चेंडू त्या घुसणाऱ्याच्या डोक्यावरून अलगद उडाला आणि बाजूला उभ्या असलेल्या आपल्याच गड्याच्या हातात पडला. काळा पट्टा त्या गड्याच्या पुढे धावत वाट मोकळी करत होता.

हा डाव मला चांगला माहीत आहे. याला स्क्रीन म्हणतात. टॅकल समोरच्याला मुद्दाम आत सोडतो, तो हावरटासारखा धावतो, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून जातो. काळा पट्टा हरला नव्हता. त्याने दार उघडून दिलं होतं.

सातपैकी पाच तुकडे तसेच निघाले. मी खुणा खोडून पुन्हा बेरीज केली. तो तिसरा येत होता. मग एका तुकड्यात त्याचं पहिलं पाऊल पुन्हा नीट बघितलं, आणि तो दुसरा आला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्यासमोर दोन रस्ते होते, आणि मी ते वहीत लिहिलेसुद्धा. एक, तुकडे जोडायचेच नाहीत, यादी आहे तशी द्यायची. माझ्या खुणा कोणी तपासत नाही. बारापैकी एक जागा चुकली तर चुकली, मतभेद म्हणून खपून जाईल. दोन, दुरुस्त करायचं; बाकी अकरा नावांचा क्रम आमचा आधीच जुळत होता, म्हणजे याद्या सारख्या होणार, आणि तो पहिल्यापासून जे बोलत होता ते मी उशिरा मान्य केलं असं दिसणार. पहिल्या रस्त्यापुढे मी फुलीही मारली नाही आणि बरोबरची खूणही केली नाही. पण तिसऱ्यांदा तो तुकडा लावला तेव्हा काळा पट्टा धावताना मागे वळून बघत होता, आपला माणूस येतोय ना म्हणून. मला ते आवडलं. कामाचा माणूस होता. त्याला नववा ठेवणं मला जमेना.

पावणेदहाला तो आला. मी त्याच्या टेबलाशी गेले. "काळा पट्टा. तुमचं बरोबर आहे. माझ्या पाच खुणा स्क्रीनच्या निघाल्या."

"हो, मला वाटलंच," तो म्हणाला. त्याने खणातून एक कागद काढला. माझं नियमपत्रक. समासात पेन्सिलीच्या बारीक नोंदी होत्या, आणि एका ओळीवर पिवळी रेघ. नियम चौदा: टॅकलने माणूस सोडलेला दिसला तर खूण करण्याआधी चेंडू कुठे गेला ते बघावे.

"तुम्हीच लिहिलंय ना, मॅडम. मी पहिल्या आठवड्यात पाठ केलं. सगळे बावीस."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही नववा म्हणालात तर काहीतरी कारण असणार, असं वाटलं. मला न दिसलेलं. तुम्ही सहा वर्षं बघताय."

त्याने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरंच तसं समजत होता. माझाच नियम त्याने माझ्यापेक्षा जास्त पाळला होता. माझी एकुलती एक गोष्ट, जी त्याच्याकडे नाही असं मी धरून चालले होते, तीही त्याच्याकडे होती, वर पिवळी रेघ मारून.

अकराला मी दुरुस्त यादी दिली आणि खाली काय बदललं, का बदललं, ते दोन ओळींत लिहिलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "लो! आता तर दोन्ही सारख्याच झाल्या. मॅडमजी, बुरा नका मानू, पण हा आधीपासून बोलत होता. कॉल याला देऊ?"

"द्या," मी म्हणाले.

त्याने नको म्हणावं, असं मला फार वाटत होतं. निदान एकदा तरी. तो म्हणाला, "थँक यू, मॅडम." आणि ते माझ्याकडे बघून म्हणाला, साहेबांकडे नाही.

दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, कॉलवर पायांचं दाखवायचं आहे. तुमचं झाकण देता?"

"नाही," मी म्हणाले. "मिठाई आणा आणि स्वतःचं कापा."

त्याला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. सोमवारी तो एक किलो मावाबाटी घेऊन आला, सगळ्यांना वाटली, मलाही दिली. मी खाल्ली, चांगली होती. मग त्याने झाकण कापलं. कॉल चालू असताना मला काचेपलीकडून त्याचा हात दिसत होता. झाकण धरलेला, मग काढलेला, मग पुन्हा धरलेला. पलीकडे कोणीतरी हसलं असावं, कारण तोही हसला. आवाज बाहेर येत नव्हता.

ड्राफ्टच्या दिवशी सकाळी साडेपाचला सगळे ऑफिसात जमलो होतो, पोहे आणि जलेबी मागवून. पण छोट्या कॉलेजांच्या खेळाडूंची पाळी पहिल्या दिवशी सहसा येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काळा पट्टा गेला. आमच्या क्लबने नाही, दुसऱ्याच कोणीतरी घेतला. घरी नवऱ्याने विचारलं, "तुमचा तो मामा गेला का?" मी म्हटलं, "गेला. आणि तो तुमचा मामा नाही. मी त्याला महिनाभर बघितलंय."

मे महिन्यात मी नियमपत्रक नव्याने छापलं. चौदावा नियम पहिला केला. पुढच्या वर्षीच्या कॉलसाठी साहेबांकडे आतापासूनच लेखी अर्ज दिला आहे, पोच घेऊन. आता ऑफिसच्या भिंतीवर दोन झाकणं लटकतात, शेजारी शेजारी. त्याचं माझ्यापेक्षा सरळ कापलेलं आहे. मी पट्टीने मोजून बघितलं.