दादाच्या नावाची सुई

थंडी पडली की माझा उजवा दंड दुखतो. डॉक्टर म्हणतात मानेचा मणका आहे, बायको म्हणते वय झालं. दोघांचंही बरोबर असेल. पण डावा दुखत नाही, उजवाच दुखतो, आणि त्या दंडात माझं काहीच नाही. साथीच्या वर्षी माझ्या नावाचे दोन डोस मी डाव्या दंडात घेतले. उजव्यात घेतले ते माझ्या थोरल्या भावाच्या नावाचे.

मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे शास्त्रज्ञ नव्हे. परीक्षानळ्या धुणं आणि बाटल्यांना चिठ्ठ्या लावणं हे माझं काम. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायला तेवढं पुरतं. साथ आली तशी घरात माझी किंमत वाढली. हात किती वेळ धुवायचे, वाफ घ्यायची का, काढ्यात काही अर्थ आहे का, सगळे मला विचारायचे आणि मी ठणकावून सांगायचो. लस आल्यावर तर मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी एक निबंध टाकायला लागलो. आमच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात अंगारे-धुपारे बंद, नवस बंद, बुद्धीला पटेल तेच करायचं. अशा घरात जन्मून सुईला घाबरता, असं मी लोकांना सुनवायचो. लोकांना म्हणजे दादाला.

दादा हर्सूलला राहायचा, जेलच्या मागच्या वस्तीत. मी त्याच शहरात दुसऱ्या टोकाला, गारखेड्यात. त्याची स्वतःची रिक्षा होती, शुगर होती, आणि भीतीला कारणही होतं. दुसऱ्या लाटेत त्याच्या स्टँडवरचा जोडीदार लस घेऊन आला आणि आठ दिवसांत गेला. बेड मिळावा म्हणून दादानंच त्याला रिक्षात घालून तीन दवाखाने फिरवलं होतं. मी समजावलं, तो लशीनं गेला नाही, लशीच्या लाईनीत गर्दी होती, तिथं त्याला लागण झाली असणार.

"मंग लाईनीत तरी कशाला उभं ऱ्हायाचं?" दादा म्हणाला.

मी चिडलो. आमचे वाद असेच चालायचे. मी आकडे सांगायचो, तो माणूस सांगायचा. मी म्हणायचो लाखात एखाद्याला त्रास होतो, तो म्हणायचा, "त्यो एखादा माझ्या रिक्षात मागं बसला व्हता." वहिनीनं आपला पहिला डोस गुपचूप घेतला, तेव्हा तो दोन दिवस तिच्याकडं नुसता बघत राहिला होता, हिला कधी काय होतंय म्हणून.

मग हिवाळ्याच्या तोंडाला शहरात नियम आला. लशीचा दाखला नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही. पंपावर पोरं मोबाइल बघून मगच नळी हातात घ्यायची. दादाची रिक्षा तीन दिवस दारात उभी राहिली. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला, "भावजी, तुमीच काय ते करा. माझं ऐकत नायती."

मी दादाकडं गेलो, पुन्हा भांडलो, पुन्हा हरलो. निघताना तो गेटपर्यंत आला आणि खिशातून आधार कार्ड काढून सहज म्हणाला, "तुला एवढी हौस हाय तर माझ्या वाटची तूच घे."

तो थट्टा करत होता. मी कार्ड घेतलं.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की रिक्षा चालावी, घर चालावं म्हणून मी ते केलं. ते अर्धंच खरं आहे. मला जिंकायचं होतं. कागदावर का होईना, दादानं लस घेतली असं मला बघायचं होतं.

केंद्रावर कुणी माझ्या तोंडाकडं पाहिलंही नाही. तोंडाला मास्क, आणि आधारवरचा फोटो तसाही कुणाचाच कुणासारखा नसतो. नंबर माझ्या मोबाइलचा दिला. सिस्टरनं विचारलं, "वय?" मी म्हणालो, "त्रेपन्न." माझं सत्तेचाळीस होतं. "शुगर, बीपी?" मी म्हणालो, "शुगर आहे." तेवढा एक प्रामाणिकपणा म्हणून उजवा दंड पुढं केला. मग अर्धा तास खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळानं दादाच्या नावाची हाक आली आणि मी "हो" म्हणून उठलो. इतक्या सहज उठलो की मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी मला फणफणून ताप भरला. दादाचा फोन आला. दाखला मी त्याला केंद्रावरूनच पाठवला होता, पण त्याला दुसरंच हवं होतं. "ताप कितीय? अंग नेमकं कुठं दुखतंय? नीट सांग, मला तसंच करावं लागंल." वहिनीला त्यानं लस घेतल्याचं सांगितलं होतं आणि आता सोंग वठवायचं होतं. मी तापात हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो पांघरूण घेऊन पडला. वहिनीनं दुपारभर त्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, पेज करून चमच्यानं भरवली. बिनतापाचा माणूस पडून राहिला, आणि ताप आलेला मी उठून कॉलेजात गेलो.

ही लस अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा घ्यायची होती. तीही मीच घेतली. दादानं रिक्षाच्या काचेवर 'चालकाचे लसीकरण पूर्ण' असा स्टिकर लावला. भेटला की माझा उजवा दंड बोटानं दाबायचा आणि विचारायचा, "दुखतंय का माझ्या वाटचं?"

पुढं थंडीतच तिसरी लाट आली. तिला कुणी फारसं घाबरत नव्हतं. दादाला खोकला झाला, ताप आला, या वेळी खरा. मी त्याला वस्तीजवळच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, शुगरचं विचारलं, आणि मग विचारलं, "लस झालीय?"

"व्हय, दोन्ही," दादा म्हणाला आणि माझ्याकडं बघून त्यानं एक डोळा किंचित मिटला.

मी बाजूच्या स्टुलावर होतो. मी खिशातून मोबाइल काढला आणि दाखला डॉक्टरांपुढं धरला. कुणी मागितला नव्हता. हात आपोआप गेला, कॉलेजात साहेबांपुढं रजिस्टर धरतो तसा. डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. "मग एवढं घाबरायचं कारण नाही. घरीच राहा, पाच दिवस गोळ्या घ्या, दम लागला तर या."

दम चौथ्या दिवशी लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथंही फॉर्मवर 'लस: दोन्ही' असंच लिहिलं गेलं, आणि तेही मीच सांगितलं. सहाव्या दिवशी दादा गेला.

खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी वेगळं काही केलं असतं का, मला माहीत नाही. शुगरचा माणूस, लस नाही, म्हणून कदाचित त्याच दिवशी भरती करा म्हणाले असते. कदाचित नसतेही म्हणाले. हे 'कदाचित' माझ्या घरात राहायला आलं ते आजतागायत गेलेलं नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्ती जमली. भंतेंनी त्रिसरण-पंचशील दिलं, मग आमच्यात रीत आहे त्याप्रमाणं माइकवर एकेकजण दादाबद्दल बोलायला उठला. स्टँडवरचा एक जुना रिक्षावाला बोलला, "दोनो सुई लेको भी गया मेरा भाई. अब मैं मेरे घर में किसी कू लेने नै देता." माना हलल्या. एका चुलत भावानं नाव न घेता मला टोला दिला, की काहीजण रोज सकाळी ग्रुपवर शहाणपण शिकवतात, त्यांनी आता उत्तर द्यावं. मग वहिनी उठल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्या दुपारचं सांगितलं. "तीस वर्सांच्या संसारात ह्या माणसानं कदी मला सेवा करू दिली नाय. डोसाच्या तापात पैल्यांदा गप पडून राहिले. माझा हात धरून. मी पट्ट्या ठेवल्या आन् कपाळ गार पडलं. तेवढी एक दुपार माझ्या वाट्याला आली."

त्यानंतर माइक माझ्या हातात आला. सगळ्यांना वाटलं मी लशीवर बोलणार. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "दादा लई भला माणूस होता," आणि खाली बसलो.

ग्रुपवरचे निबंध बंद झाले. वहिनीनं दुसरा डोस घेतला नाही, वस्तीतल्या बऱ्याच बायकांनी घेतला नाही. कुणी समजवायला आलं की दादाचं उदाहरण दिलं जायचं. आकड्यांपेक्षा माणूस मोठा, हे दादाचं तत्त्व त्यानं मरून सिद्ध केलं. फक्त तो माणूस खोटा होता आणि खोटा मी केलेला होता. काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर दादाच्या नावानं मेसेज आला, आपला खबरदारीचा डोस घेण्याची वेळ झाली आहे. मी तो पुसला. पुन्हा आला. रिक्षा विकली गेली, पण ती शहरातच फिरते. एकदा गारखेड्याच्या चौकात माझ्यापुढं उभी राहिली. आत दुसराच माणूस आणि काचेवर तो स्टिकर, कोपरे उडालेला. सिग्नल सुटल्यावर मागच्यांनी हॉर्न वाजवले तरी माझी गाडी चालू होईना. रस्त्यात कुणी कुणाला दादाच्या नावानं हाक मारली तर अजून मीच वळून बघतो.

एवढं सगळं मी पचवलं असतं. माणूस काहीही पचवतो. पण गेल्या हिवाळ्यात दादाची लेक, माझी पुतणी, पहिल्या बाळंतपणाला आईकडं आली. मुलगा झाला. दीड महिना उलटला आणि एके दिवशी तिचा कॉलेजात फोन आला. "काका, सरकारी दवाखान्याच्या आशाताई दोनदा येऊन गेल्या. आई बाळाला सुई देऊ देत नाय. म्हणती, तुझ्या बापानं दोन घेतल्या व्हत्या, काय झालं? शेजारच्या लेकराला डांग्या खोकला झालाय, काका. लेकरू निळं पडतंय खोकताना. तुमी आईला सांगा ना. तुमचं ऐकती."

मी रजा टाकून हर्सूलला निघालो. वाटेत दोनदा गाडी थांबवली. नुसतं समजावून सांगू, असं मनाशी घोळवत होतो. आकडे आठवत होतो. पण आकडे दादापुढं चालले नव्हते, दादाच्या बायकोपुढं काय चालणार होते? आणि खरं काय ते सांगायचं तर वहिनीच्या त्या दुपारचंही सांगावं लागणार होतं, हे मला गाडीवरच कळलं. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या.

वहिनी ओट्यावर बाळाची दुपटी वाळत घालत होत्या. मी पाणीही न पिता सांगितलं. आधार कार्ड, केंद्र, उजवा दंड, सगळं. त्या ऐकताना दुपट्यांच्या घड्या घालत राहिल्या. ओलीच होती ती, तरी घड्या घातल्या.

"म्हंजी त्यांनी घेतलीच नाय?"

"नाही."

"डॉक्टरनं इचारलं तवा तुमी शेजारीच व्हता ना?"

"होतो. दाखला मीच दाखवला."

मला वाटलं आता त्या काही फेकून मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी फार हळू विचारलं, "मंग त्या दिवशी ताप?"

"मला आला होता, वहिनी. दादा निजून होता."

त्यांनी मान हलवली. आत गेल्या, पुतणीला म्हणाल्या, "लेकराला गुंडाळ. कार्ड घे." मला चला म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत. मी मागून गेलो. केंद्रावर सिस्टरनं बाळाच्या मांडीत सुई टोचली, ते कळवळून रडलं, वहिनीनं त्याला छातीशी धरलं. 

संध्याकाळी बाळाला ताप चढला. तो चढणार, असं सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, औषधाचे थेंबही दिले होते. पुतणीनं थेंब पाजले. वहिनीनं वाटीत पाणी घेतलं, मऊ फडक्याची पट्टी केली आणि बाळाच्या कपाळावर ठेवली. मी निघायचं म्हणून दारात उभा होतो, पण निघवत नव्हतं. त्यांनी पट्टी बदलली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सगळं सांगितलंत, बरं केलंत. लेकराचं भलं झालं. पर तेवढी दुपार तरी माझ्याकडं ठिवायची व्हती, भावजी."



त्यांनी पट्टी उचलून बाजूला केली आणि बाळाच्या डोक्याशेजारी जागा करून मला खुणेनं बोलावलं.

"हात लावून बगा," त्या म्हणाल्या. "ह्यो तरी खरा हाय ना?"

मी वाकून उजवा हात बाळाच्या कपाळावर ठेवला. कपाळ तापलेलं होतं.

"खरा आहे, वहिनी," मी म्हणालो.