ध्रुवाकडे तोंड करून

माझा कॅमेरा साधा, खिशात मावणारा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो उघडा राहत नाही. त्यामुळे ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेषा हव्या असतील तर एकामागून एक दोनतीनशे फोटो काढायचे आणि मग कॉम्प्युटरवर ते एकमेकांवर चढवायचे. बटण सतत दाबलेलं राहावं म्हणून मी त्यावर खोडरबर ठेवून वर रबरबँड आवळत असे.

त्या दिवशी आई माणगावला माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. वडिलांना, आबांना, घरी एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून आठच्या सुमारास त्यांनाही किनाऱ्यावर घेऊन आले. खाडीपार माणसं नेणाऱ्या दिघीच्या लाँचवर त्यांची सगळी नोकरी झालेली. अलीकडे ते विसरायला लागले होते. पण जेवलो की नाही, चष्मा कुठे ठेवला, एवढंच. म्हणजे मला तरी तेवढंच वाटत होतं.

त्यांना चटईवर बसवलं, हातात टॉर्च दिला. कॅमेरा खडकावर ठेवून ध्रुवाकडे वळवला. फोटो सुरू झाल्यावर गाडीतून त्यांची शाल आणायला गेले. दहा मिनिटं लागली असतील. परत आले तर चटई रिकामी.

"आबा!"

समुद्राच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येईना. ते घरी निघाले असतील असं वाटून मी रस्त्यापर्यंत पळत गेले. रस्त्यावर कुणी नव्हतं. पुन्हा किनाऱ्यावर आले, दक्षिणेकडच्या सुरूच्या झाडांत शोधलं. भरती चढत होती.

कॅमेरा तेवढा आपला टकटक करत होता. आणि तेव्हा मला सुचलं. रबरबँड ओढून काढला आणि फोटो एकेक करून मागे नेले. काळ्या वाळूवर एक पिवळा ठिपका होता. पुढच्या फोटोत तो जरा लांब, त्याच्या पुढच्यात आणखी लांब. टॉर्च! आबा उत्तरेला, खाडीच्या तोंडाकडे गेले होते. मी नेमकी उलट्या बाजूला शोधत होते.

मी धावत सुटले. खाडीत ते मांडीभर पाण्यात उभे होते, धोतर भिजलेलं.

"बाय, लाँच का येत न्हाय? मानसं कवाची ताटकळलीत."

ओरडावंसं वाटलं, पण त्यांच्या पायाखालची वाळू सरकत होती. मी पाण्यात शिरून त्यांचा दंड घट्ट धरला.

"शेवटची गेली, आबा. आता सकाळी."

"आन् मानसं?"

"घरी गेली सगळी."

हे त्यांना पटलं. मुकाट्याने माझ्याबरोबर बाहेर आले.

आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. दाराला वरच्या बाजूने कडी बसवून घेतली, रात्री चारदा उठून ती चाचपायचे. आई परतल्यावर शेवटी सांगून टाकलं. वाटलं, आता रागावेल. तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले.

"दिवाळीच्या आधी माझ्या हातूनपन असेच गेले हुते," ती म्हणाली. "बंदरावर सापडले. तू घाबरशील म्हनून बोलले न्हाय."