त्याने मागितलेलं चौथं फंक्शन

भोईवाड्यातला माझा मित्र आणि मी परळच्या एका ऑफिसात शेजारी बसून आठ वर्षं कोड लिहिला. गेल्या गणपतीनंतर तो हार्ट अटॅकने गेला. चाळीतल्या खोलीत त्याची आई एकटी उरली.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "टॅबलेट बिघडलो रे. माका सकाळी कोण उठवणा नाय."

तिला कमी दिसतं. आपण घरी नसलो तरी सकाळची गोळी चुकू नये म्हणून त्याने तिच्यासाठी टॅबलेटवर बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम केला होता. मी टॅबलेट घरी घेऊन आलो, पण दुरुस्तीवाल्याने सगळंच पुसून टाकलं होतं. माझ्या मेलमध्ये मात्र त्याची एक फाइल पडून होती. "एकदा बघ रे, मग बोलू," असं वर लिहिलेलं. मी ती कधी उघडलीच नव्हती.

फाइल वेबअसेंब्लीची होती. ती यंत्रासाठी असते, माणसाला वाचायला फारसं काही नसतं. अशा मॉड्यूलला स्वतःहून घड्याळ बघता येत नाही की बोलता येत नाही. जे हवं ते बाहेरून, जावास्क्रिप्टच्या फंक्शनांच्या रूपात, इम्पोर्ट करून द्यावं लागतं. एक जरी कमी पडलं तरी ते सुरू होत नाही.

जावास्क्रिप्टची बाजू टॅबलेटबरोबर गेली होती. मी मॉड्यूलला काय काय हवंय याची यादी काढली. चार नावं निघाली: वेळ, बोल, थांब आणि आये_उठली. पहिली तीन फंक्शनं मी तासाभरात लिहिली. चौथ्याकडून त्याला फक्त एक आकडा हवा होता. मी तात्पुरतं शून्य दिलं, घड्याळाच्या जागी सकाळचे सहा सांगितले आणि रविवारी दुपारी लालबागला घरीच चालवून पाहिलं.

"गे आये, उठलंस काय?"

थोडं थांबून पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा, "आये, बोल गे. माका भ्या वाटता."

आवाज मशीनचा, सपाट. तरी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. शून्य म्हणजे ती उठलेली नाही, हे तेव्हा कळलं. रोज सकाळी तो ऑफिसला उशिरा का यायचा, ती उठेपर्यंत घरीच का बसायचा, तेही.

स्क्रीनला बोट लागलं की चौथ्या फंक्शनमधून शून्याऐवजी एक जाईल असं करून मी टॅबलेट तिच्याकडे नेला. सगळं ऐकवलं. म्हटलं, "तिसरं वाक्य बोलू न देण्याची सोय करतो."

"रवांदे, बोलांदे," ती म्हणाली.

महिन्याभराने एकदा ऑफिसच्या आधी सकाळीच तिच्याकडे गेलो. दार उघडं होतं. ती कॉटवर बसली होती, टॅबलेट मांडीवर. पहिली हाक झाली. तिचं बोट स्क्रीनच्या जरासं वर थांबलेलं. दुसरी झाली. बोट तसंच. तिसरी हाक पूर्ण होऊ दिली आणि मग तिने हळूच टेकवलं.

"उठलंय रे बाबा."

गोळी घेऊन तिने दाराकडे पाहिलं. चाहुलीवरून मला ओळखलं असावं.

"रोज तीनदा बोलावता माका," ती म्हणाली.

मी चपला काढून आत गेलो. तिने चहा टाकला.