रुद्रभूमीतली कण्हेर

नीलम्मा, तू माघात गेलीस. हे पत्र तुला पोचणार नाही, एवढी अक्कल मला आहे. तरी लिहिते, कारण काल तुझा राजशेखर पुन्हा फरशीवाल्याला घेऊन आला.

परभणीत तुझ्या-माझ्या अंगणात एकच भिंत. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, तू सातवीत शाळा सोडलेली. चार वर्षांपूर्वी तुझ्या लेकानं, राजशेखरनं, गाडी लावायला तुझ्या अंगणभर फरशी घालायचं काढलं. "आई, उन्हाळ्यात नुसत्या काटक्या उरतात. ठेवायचं कशाला?"

"एक साल दे," तू म्हणालीस. "पुढच्या मे मधी हितं हिरवं दिसलं न्हाई तर खुशाल घाल."

बारमाही हिरव्या झाडांची यादी मी करून दिली. तू ती परत केलीस. "बाई, नर्सरीत पाण्याखाली समदंच हिरवं असतंय. देवाचा बेलसुदीक चैत्रात उघडा पडतोय."

आणि भर मे महिन्यात, दुपारी बाराला, छत्री घेऊन निघालीस. बंद क्वार्टर, पडक्या विहिरी, जिथं कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, तिथं जे हिरवं ते तुझं. अडुळसा असा मिळाला. सगळ्यात हिरवी कण्हेर सापडली तुम्हा लिंगायतांच्या स्मशानात, रुद्रभूमीत, तुझ्या मालकांच्या समाधीपाशी. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही.

पावसाळ्यात तिच्या फांद्या आणून लावल्यास आणि गल्ली पेटली. समोरची तानुबाई फाटकात येऊन ओरडली, "मसणातलं झाड दारात? येड लागलं का गं?"

"मालक चाळीस साल घरात चालले, त्यांच्या उशाचं झाड चालंना व्हय?"

पुढच्या मे मध्ये माझे नर्सरीचे क्रोटन पापडासारखे वाळले. तुझी कण्हेर लालभडक. राजशेखर मुकाट्यानं गाडी रस्त्यावर लावू लागला.

काल म्हणतो, "काकू, आईची शर्यत आईबरोबर संपली."

"संपली कशी? मे यायचाय. तेव्हा ये. झाडं सुकलेली दिसली तर फावडं मीच देते." तुझ्या फाटकातून मी हलले नाही. फरशीवाला गेला.

कोपऱ्यात मात्र एक खड्डा रिकामा आहे, तू बकुळीसाठी खणलेला. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ ऐन उन्हाळ्यात हिरवीगार बकुळ तुला गाडीतून दिसली होती. "बाई, चला, बघून येऊ, बी आणू." दर वर्षी मी म्हणायची, ऊन उतरू दे.

"ऊन उतरल्यावर काय बघायचं, बाई?"

असे तीन मे महिने गेले. आपण काही गेलो नाही.