वखारीतली पेट्रोलची करवत

लालबागला आमच्या चाळीखालच्या वखारीत एक मालवणी गडी जळाऊ लाकडं कापायचा. लष्कराच्या भंगारातली पेट्रोलवर चालणारी जुनी करवत त्याने स्वतः दुरुस्त केली होती. तिच्या दातांना कानस लावताना तो लाडाने म्हणायचा, "आज रुसू नको गो बाय!"

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात समोरच्या चाळीतला गिरणी कामगार गोळी लागून गेला. सरणासाठी ओंडके कापायचे होते. त्या कामगाराची आई समोर गॅलरीत सुन्न बसली होती.

मी म्हटलं, "मशीन लाव रे, लवकर होईल."

"नको. हिचो आवाज बंदुकीसारखो येता. त्या माउलीक सोसवचो नाय."

त्याने भिंतीवरची दोन मुठींची मोठी हातकरवत काढली आणि एकटाच ओंडका कापू लागला. मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरी मूठ धरली.