रेड्यावरची वरात

सिनेमातला तो विनोदी नट गेल्याची बातमी सकाळी टीव्हीवर आली आणि छबूबाईनं पदर डोळ्यांना लावला. भाकरी थापतानाही ती रडत होती.

"तुजा कोन लागत हुता त्यो? मामा का काका?" नवरा, वैजीनाथ, म्हणाला.

"लागत हुता," ती म्हणाली.

दोघांनी उमेदीची वर्षं ऊस तोडण्यात घालवली. आता पालमजवळच्या आपल्या गावी असतात. एका हंगामात त्यांचं तान्हं मूल फडावरच गेलं. छबूबाई कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, पडून राहिली; खाईना, बोलेना. त्याच आठवड्यात मुकादमानं टोळीसाठी व्हीडिओवर या नटाचा सिनेमा लावला. वैजीनाथनं तो कोपीत येऊन तिला सांगितला. शेवटी नवरदेव रेड्यावर बसून निघतो. वाटेत तळं दिसताच रेडा पाण्यात जाऊन बसतो. नवरदेव बाशिंगासकट गळ्यापर्यंत बुडतो आणि वाजंत्रीवाले काठावर वाजवतच राहतात. छबूबाई हसली. मग उठून तिनं भाकरी मागितली.

दुपारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. नात सृष्टी आजीला घेऊन बसली. वैजीनाथ शेळीला पाणी दाखवायच्या निमित्तानं सारखा उठत होता. त्या हंगामात त्यानं सिनेमा अर्धाच पाहिला होता. तेव्हा मधेच कारखान्याची गाडी आली आणि ऊस भरायला सगळ्यांना उठावं लागलं. छबूबाईला हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

शेवट मोठ्या हॉटेलात झाला. हार घातले, गाणं झालं, नावं सरकू लागली.

"रेडा कुटं हाय?" छबूबाईनं विचारलं.

"टीवीवाल्यांनी गाळला आसंल."

"न्हाई आबा," सृष्टी म्हणाली, "मोबाईलवर मी पुरा पाहिलाय. रेडा न्हाईच त्यात."

छबूबाई नवऱ्याकडे बघत राहिली.

"मंग सकाळधरनं मी कोनासाटी रडले?"

"मेलाय त्यो, त्याच्यासाटीच रड की. मी हाय आजून."

सृष्टीला हसू फुटलं. छबूबाई हसली नाही.

"एवढी वर्सं त्या बिचाऱ्याच्या नावावर खपवलं तुमी. कुटून आणला रेडा?"

वैजीनाथनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाडी भरता भरता सुचला. तू उपाशी पडल्याली. मोकळ्या हातानं कोपीत कसं यावं, कळंना."