गार आणि दार

माझी धाकटी मुलगी काकाला 'ताता' म्हणायची, गाडीला 'दाडी' आणि गायीला 'दाय'. शिनोलीच्या आमच्या घरात त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. सासरे तर रोज तिला गोठ्यात नेऊन विचारायचे, "ही कोन हाय गं?" ती "दाय!" म्हणाली की दोघंही खो खो हसायची.

सासूबाईंनी तिच्या जिभेला वेखंड उगाळून लावून पाहिलं. शेजारीण म्हणाली, जिभेखालची शीर कापून घ्या. मला तर ऐकूनच शहारे आले. "मोठी झाली की सुटंल बोबडी," असं सासूबाई म्हणायच्या, आणि मीही तेच धरून बसले.

पण ती पहिलीत गेली आणि दिवाळीच्या आधी शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. नव्वदीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

"पोरगी हुशार आहे, पाटीवर सगळं लिहिते," बाई म्हणाल्या. "पण वर्गात तोंड उघडत नाही. हजेरीला नुसता हात वर करते."

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं. "शाळेत का बोलत नाहीस?"

"हसतात," ती म्हणाली. हा शब्द तिनं अगदी स्वच्छ उच्चारला. त्या दिवशी माझ्या हातून भाकरी करपली.

बाईंनीच सांगितलं होतं की मंचरला एका दवाखान्यात दर गुरुवारी पुण्याहून एक मॅडम येतात आणि मुलांचं बोलणं सुधारतात. आम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मंचर गाठलं. मॅडमनी आधी तिचे कान तपासून घेतले. मग बॅटरी लावून तोंडात पाहिलं, जीभ वर-खाली, डावी-उजवीकडे करायला लावली. "जीभ छान आहे. शीरबीर काही कापायची नाही," त्या म्हणाल्या, तेव्हा मी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

मग त्यांनी गायीचं चित्र समोर धरलं.

"दाय," मुलगी हळूच म्हणाली.

"अस्सं! दाय?" मॅडमनी विचारलं.

पोरगी चिडली. "दाय नाही! दाय!"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघितलंत ताई? मी चुकीचं म्हटलेलं तिला बरोबर कळलं. कान तिचा पक्का आहे. 'क' आणि 'ग' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जातो. ही पुढचं टोक दाताला लावते, म्हणून 'त' आणि 'द' येतो. हट्ट नाही की आळस नाही, जिभेला ती सवय पडलीय. सवय बदलता येते."

परतीच्या जीपमध्ये मी तोंडातल्या तोंडात त-क, त-क करत बसले. जन्मभर बोलत आले, पण जीभ कुठं जाते हे कधी पाहिलंच नव्हतं.

घरचा अभ्यास दिला होता तो असा: रोज गुळण्या करायच्या, म्हणजे घशाकडचा आवाज कुठून येतो ते तिला कळेल. दाराचं चित्र आणि गार पाण्याच्या माठाचं चित्र समोर ठेवायचं. 'दार' म्हणाली तर दाराचं, 'गार' म्हणाली तर माठाचं, ती जे म्हणेल ते चित्र आपण उचलायचं. चुकली तर 'नीट बोल' म्हणून ओरडायचं नाही, आपण तो शब्द नीट म्हणून दाखवायचा. आणि कुणी हसायचं नाही.

हे शेवटचं सासऱ्यांना सांगणं अवघड होतं. "मामा, तिला आता दाय म्हणायला लावू नका," मी पदर सावरत म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. "म्या कधी तिची थट्टा केली न्हाई."

"ठाऊक आहे मला. पण वर्गातली पोरं करतात."

ते उठून गोठ्याकडे निघून गेले. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याकडून विचित्र आवाज आला म्हणून मी पाहायला गेले. आजोबा आणि नात हातात तांब्या धरून, माना वर करून गुळण्या करत उभे होते. आजोबांचा सदरा पुढून पार भिजला होता. मी तशीच मागे फिरले. त्या दिवसापासून तो अभ्यास त्यांनीच घेतला.

आधी गुळणीतला आवाज आला, मग पाण्याशिवायचा, मग नुसता 'ग'. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा तिनं माठापाशी उभं राहून "आजोबा, गार पाणी" म्हटलं, तर सासऱ्यांनी तीन पेले भरून दिले. त्यानंतर नवीनच गंमत सुरू झाली. ती ताकाला 'काक' म्हणू लागली, तेलाला 'केल', आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, गार लावून घे, मांजर येईल."

"आता गं बाई! उलटंच झालं की समदं!" सासूबाई म्हणाल्या.

मीही घाबरले. गुरुवारी मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. "चांगली खूण आहे. नवा आवाज हाती लागलाय, तो सगळीकडे लावून बघतेय. बसेल घडी." पुढच्या काही आठवड्यांत खरंच बसली. दुसरीत तिनं वर्गात उभं राहून धडा वाचला, असं बाईंनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं.

शेवटच्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "आता नाही आलात तरी चालेल." मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं. आम्ही मंचरला उसाचा रस प्यायलो आणि जीपमध्ये बसलो. ती खिडकीतून दिसेल ती पाटी मोठमोठ्यानं वाचत होती. किराणा. गॅरेज. केशकर्तनालय. तिथं मात्र अडखळली. परत म्हणाली, परत अडखळली.

समोर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले एक म्हातारबाबा म्हणाले, "असू दे पोरी. त्यो शबुद मलाबी जमत न्हाई."

सगळी जीप हसली. ती सगळ्यांत जोरात हसली, आणि पुढची पाटी वाचू लागली.